मल्टिपल रिग्रेशनचा तक्ता कसा वाचावा : गुणांक, सार्थकता चाचण्या आणि व्यवसायातील निर्णय

संगणकाला आकडे पुरवले की मल्टिपल रिग्रेशनचे, म्हणजेच बहुचल समाश्रयणाचे, उत्तर क्षणात पडद्यावर येते; अनेक चलांचा एका चलाशी किती संबंध आहे, हे मोजण्याची ही पद्धत. खरे काम त्यानंतर सुरू होते. तक्त्यात वीस-तीस आकडे असतात आणि वाचणाऱ्याची नजर बहुधा थेट पी-मूल्याच्या रकान्याकडे धावते. तिथे ०.०५ पेक्षा लहान आकडा दिसला की तो चल महत्त्वाचा आणि मोठा दिसला की निरुपयोगी, असा निवाडा होऊन जातो. परीक्षेत एवढ्यावर काही गुण मिळतीलही, परंतु व्यवसायात निर्णय घेणाऱ्याला हे वाचन पुरत नाही आणि कधी कधी ते त्याला नेमके उलट्या दिशेला नेते. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन तक्ता कोणत्या क्रमाने वाचावा, प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे पाहू.

उदाहरण आणि आकडे हाती घेण्यापूर्वीची तपासणी

समजा, एका कंपनीची ४५ विक्री केंद्रे आहेत आणि प्रत्येक केंद्राच्या मासिक विक्रीतला फरक कशामुळे पडतो, हे तिला जाणून घ्यायचे आहे. विक्री हा अवलंबी चल असून तो हजार नगांत मोजला आहे. स्वतंत्र चल चार आहेत : केंद्राचा मासिक जाहिरात खर्च (हजारांत, चलन कोणतेही धरावे), विक्री कर्मचाऱ्यांची संख्या, परिसरातील स्पर्धक दुकानांची संख्या आणि ऑनलाइन मागणी नोंदवण्याची सोय. शेवटचा चल 'डमी' प्रकारचा आहे, म्हणजे सोय असेल तर १ आणि नसेल तर ०. हे आकडे केवळ समजावण्यासाठी रचलेले आहेत.

तक्ता उघडण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे प्रत्येक चलाचे एकक, कारण एकक ठाऊक नसेल तर गुणांकाला काहीच अर्थ उरत नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक चलाची प्रत्यक्ष आकड्यांतली व्याप्ती : आपल्या उदाहरणात जाहिरात खर्च ३० ते ७५, कर्मचारी ५ ते १२, स्पर्धक १ ते ६ आणि ऑनलाइन सोय असलेली केंद्रे ४५ पैकी ११. तिसरी म्हणजे आकडे कसे गोळा झाले : एकाच महिन्यात अनेक केंद्रांकडून, की एकाच केंद्राकडून अनेक महिने? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या चाचण्यांवर विश्वास ठेवता येईल हे ठरवते, त्यामुळे तो पुढे पुन्हा येईल.

मिळालेला गुणांकांचा तक्ता असा आहे :

| चल | गुणांक | प्रमाण त्रुटी | टी-मूल्य | पी-मूल्य | ९५% विश्वास अंतराल |
|---|---|---|---|---|---|
| स्थिरांक | २१.४० | ६.२० | ३.४५ | ०.००१ | ८.८७ ते ३३.९३ |
| जाहिरात खर्च | ०.४८ | ०.१२ | ४.०० | ०.०००३ | ०.२४ ते ०.७२ |
| कर्मचारी | १.३५ | ०.७५ | १.८० | ०.०७९ | −०.१७ ते २.८७ |
| स्पर्धक | −२.१० | ०.८४ | −२.५० | ०.०१७ | −३.८० ते −०.४० |
| ऑनलाइन सोय | ३.२० | २.५० | १.२८ | ०.२०८ | −१.८५ ते ८.२५ |

याखेरीज प्रसरण विश्लेषणाच्या भागात तीन वर्गबेरजा (फरकांच्या वर्गांच्या बेरजा) दिसतात : एकूण ५०००, रिग्रेशनमुळे स्पष्ट झालेली ३५०० आणि अवशेषांची, म्हणजे प्रत्यक्ष विक्री आणि मॉडेलचा अंदाज यांतील फरकांची, १५००. अवशेषांच्या स्वातंत्र्य मात्रा, म्हणजे निरीक्षणांच्या संख्येतून चार चलांचे गुणांक आणि स्थिरांक वजा जाता उरणारा आकडा, ४५ − ४ − १ = ४० आहेत.

पहिली पायरी : मॉडेल एकूण किती बसले?

आर-वर्ग म्हणजे ३५०० भागिले ५०००, अर्थात ०.७०. केंद्राकेंद्रांतील विक्रीत जो चढउतार आहे, त्याच्या ७० टक्के भागाचा हिशेब या चार चलांनी मिळून लागतो, असा त्याचा अर्थ. 'अंदाज ७० टक्के वेळा बरोबर येतो' असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. आर-वर्ग किती असला म्हणजे चांगला, याला एकच उत्तर नाही. ग्राहकांच्या वैयक्तिक वागणुकीचा अभ्यास करताना ०.२० देखील कामाचा ठरू शकतो आणि काळानुसार वाढत जाणाऱ्या दोन मालिका एकमेकींशी जोडल्या तर ०.९५ देखील पोकळ असू शकतो.

मॉडेलमध्ये कोणताही नवा चल घातला, अगदी केंद्रप्रमुखाच्या चपलांचे माप घातले, तरी आर-वर्ग कमी होत नाही. म्हणून चलांच्या संख्येची किंमत वजा करणारा समायोजित आर-वर्ग पाहतात. आपल्या उदाहरणात तो १ − (१५००/४०) ÷ (५०००/४४) = ०.६७ येतो. दोन्ही आकड्यांत मोठी दरी असेल तर निरीक्षणांच्या मानाने चल फार झाले आहेत, असे समजावे. एक बारकावा येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे : एखादा चल घातल्यावर समायोजित आर-वर्ग वाढण्यासाठी त्या चलाचे टी-मूल्य (गुणांक भागिले प्रमाण त्रुटी), चिन्ह सोडून, १ पेक्षा जास्त असले की पुरते. ऑनलाइन सोयीचे टी-मूल्य १.२८ आहे; तिच्यामुळे समायोजित आर-वर्ग वाढतो, तरी ती ५ टक्के पातळीवर सार्थ नाही, कारण तिचे पी-मूल्य ०.०५ पेक्षा लहान नाही. म्हणजे समायोजित आर-वर्गातली वाढ हा सार्थकतेचा पुरावा नव्हे.

माझ्या मते व्यवसायासाठी या भागातला सर्वांत उपयोगी आकडा तिसराच असतो आणि तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो : अंदाजाची प्रमाण त्रुटी. अवशेषांचा सरासरी वर्ग १५००/४० = ३७.५ आणि त्याचे वर्गमूळ ६.१२. म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांत साधारण ६,१२० नगांचा फरक पडत असतो. सरासरी विक्री सुमारे ५१ हजार नग असताना ही चूक चालण्यासारखी आहे की नाही, हे साठा सांभाळणारा माणूस लगेच सांगू शकतो. आर-वर्ग ऐकून तो काहीही सांगू शकणार नाही.

दुसरी पायरी : एफ चाचणी

एफ चाचणीची शून्य परिकल्पना अशी असते की चारही चलांचे खरे गुणांक शून्य आहेत, म्हणजे मॉडेलमध्ये काहीच तथ्य नाही. रिग्रेशनचा सरासरी वर्ग ३५००/४ = ८७५ आणि अवशेषांचा ३७.५; त्यांचे गुणोत्तर २३.३३. ४ आणि ४० स्वातंत्र्य मात्रांसाठी ५ टक्के पातळीवरचे सीमामूल्य, म्हणजे जे ओलांडल्यावर शून्य परिकल्पना नाकारतात ते मूल्य, २.६१ आहे, त्यामुळे शून्य परिकल्पना सहज नाकारली जाते. एक्सेलच्या तक्त्यात 'सिग्निफिकन्स एफ' या नावाखाली जे दिसते, ते याच चाचणीचे पी-मूल्य. या चाचणीतून एवढेच कळते की चारांपैकी निदान एक चल विक्रीशी निगडित आहे. कोणता आणि किती, हे कळत नाही. ती नापास झाली तर मात्र पुढचे वैयक्तिक टी-मूल्य घेऊन उत्सव करू नये.

तिसरी पायरी : गुणांकाचे वाक्य लिहिणे

प्रत्येक गुणांकाचे एक पूर्ण वाक्य लिहावे आणि त्या वाक्यात एकक तसेच 'इतर चल स्थिर असताना' हे शब्द असलेच पाहिजेत. उदाहरणार्थ : कर्मचारी, स्पर्धक आणि ऑनलाइन सोय सारखी असलेल्या केंद्रांची तुलना केली, तर जाहिरातीवर एक हजार जास्त खर्च करणाऱ्या केंद्राची मासिक विक्री सरासरी ४८० नगांनी जास्त आढळते. स्पर्धकांचा गुणांक उणे आहे : बाकी परिस्थिती समान असताना एक स्पर्धक जास्त असलेल्या केंद्राची विक्री सरासरी २,१०० नगांनी कमी असते.

'इतर चल स्थिर असताना' या शब्दांत किती वजन आहे, ते कर्मचाऱ्यांच्या गुणांकात दिसते. फक्त कर्मचारी हा एकच चल घेऊन रिग्रेशन केले असते, तर या उदाहरणात त्याचा गुणांक सुमारे ४.१ आला असता, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे ४,१०० नग. चारही चल घेतल्यावर तो १.३५ वर उतरतो. कारण असे की जिथे कर्मचारी जास्त, तिथे जाहिरातही जास्त आणि स्पर्धक कमी, आणि एकट्या कर्मचाऱ्याच्या गुणांकात या सर्वांचे श्रेय मिसळले होते. मल्टिपल रिग्रेशनचा खरा लाभ हा श्रेयाच्या विभागणीत आहे. त्याचबरोबर येथे एक इशाराही आहे : मॉडेलमध्ये न घेतलेल्या एखाद्या चलाचे, जसे परिसरातील लोकसंख्येचे, श्रेय अजूनही या गुणांकांत लपलेले असू शकते.

डमी चलाचा गुणांक दोन गटांतील फरक सांगतो : ऑनलाइन सोय असलेल्या आणि नसलेल्या, पण अन्यथा सारख्या केंद्रांत सरासरी ३,२०० नगांचा फरक. गट दोनाहून जास्त असतील तर गटांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके डमी चल घेतात आणि प्रत्येक गुणांक वगळलेल्या गटाच्या तुलनेत वाचतात. कोणता गट वगळला हे अहवालात न लिहिणे ही नेहमी आढळणारी उणीव आहे. स्थिरांक २१.४० हा जाहिरात, कर्मचारी, स्पर्धक आणि ऑनलाइन सोय सारे शून्य असलेल्या केंद्राची विक्री दाखवतो. असे एकही केंद्र आपल्या आकड्यांत नाही, म्हणून त्याचा व्यावहारिक अर्थ लावण्याच्या फंदात पडू नये आणि त्याच्या सार्थकतेची चर्चाही करू नये.

गुणांकांचे आकार एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत. ऑनलाइन सोयीचा ३.२० हा जाहिरातीच्या ०.४८ पेक्षा मोठा दिसतो, पण एकाचे एकक 'सोय आहे किंवा नाही' आणि दुसऱ्याचे 'एक हजार खर्च' आहे. खर्च हजारांऐवजी एकेकात मोजला असता तर तोच गुणांक ०.०००४८ झाला असता; टी-मूल्य मात्र ४.०० च राहिले असते.

चौथी पायरी : प्रमाण त्रुटी, टी आणि पी

या ४५ केंद्रांऐवजी तशाच प्रकारची दुसरी ४५ केंद्रे हाती आली असती, तर गुणांक थोडा वेगळा आला असता. हा हेलकावा किती असू शकतो, ते प्रमाण त्रुटी सांगते. गुणांकाला तिने भागले की टी-मूल्य मिळते : ०.४८/०.१२ = ४.००. ४० स्वातंत्र्य मात्रांसाठी द्विपुच्छ (दोन्ही दिशांचा फरक तपासणाऱ्या) चाचणीचे ५ टक्के पातळीवरचे सीमामूल्य २.०२१ आहे, त्यामुळे जाहिरात आणि स्पर्धक हे दोन चल सार्थ ठरतात, तर कर्मचारी आणि ऑनलाइन सोय ठरत नाहीत. टी-चाचणीचा जन्म उद्योगातच झाला, हे येथे सांगायला हरकत नाही : गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट यांना थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत आणि त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने आपले काम प्रसिद्ध केले.

पी-मूल्याचा अर्थ काटेकोर शब्दांत असा आहे : या चलाचा खरा गुणांक शून्य असता आणि मॉडेलची बाकीची गृहीतके खरी असती, तर केवळ योगायोगाने इतके किंवा याहून टोकाचे टी-मूल्य मिळण्याची संभाव्यता. कर्मचाऱ्यांच्या ०.०७९ या पी-मूल्यावरून 'कर्मचाऱ्यांचा परिणाम नसण्याची शक्यता ७.९ टक्के आहे' असे म्हणता येत नाही, आणि 'परिणाम असल्याची खात्री ९२.१ टक्के आहे' असे तर मुळीच नाही. पी-मूल्य परिणामाचा आकारही सांगत नाही. जाहिरातीचे पी-मूल्य ०.०००३ आणि स्पर्धकांचे ०.०१७ आहे, एवढ्यावरून जाहिरातीचा प्रभाव स्पर्धकांपेक्षा अधिक मोठा ठरत नाही.

०.०५ ही सीमा निसर्गनियम नव्हे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे सवयीने ती पक्की झाली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्यांविषयी जे निवेदन काढले, त्यात वैज्ञानिक निष्कर्षांबरोबर व्यवसायातील आणि धोरणांतील निर्णयांचाही उल्लेख करून, ते केवळ पी-मूल्य एखाद्या सीमेच्या कुठल्या बाजूला पडले यावर घेऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ०.०४९ आणि ०.०५१ यांतील फरकावर एखादी योजना मंजूर किंवा नामंजूर होत असेल, तर तिथे संख्याशास्त्र केवळ सजावटीपुरते उरलेले असते.

पाचवी पायरी : विश्वास अंतराल निर्णयासमोर ठेवणे

हीच पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो आणि नेमकी हीच बहुतेक अहवालांत नसते. टी-चाचणी विचारते की गुणांक शून्यापेक्षा वेगळा आहे का. व्यवस्थापकाचा प्रश्न मात्र शून्याशी क्वचितच निगडित असतो. त्याला विचारायचे असते की परिणाम खर्च भरून काढण्याइतका मोठा आहे का.

जाहिरातीचा ९५ टक्के विश्वास अंतराल ०.४८ ± २.०२१ × ०.१२, म्हणजे ०.२४ ते ०.७२ आहे. अशा पद्धतीने वारंवार अंतराल काढले तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या गुणांकाला आपल्यात सामावून घेतील, हा त्याचा आधार. आता समजा, प्रत्येक नग विकल्यावर बदलता खर्च वजा जाता चलनाची ३ एकके हाती राहतात. जाहिरातीवर एक हजार जास्त खर्च केल्यास ४८० नग जास्त विकले जाऊन १,४४० मिळतील, म्हणजे फायदा. परंतु अंतरालाच्या खालच्या टोकाला २४० नग आणि केवळ ७२० मिळतात, म्हणजे तोटा. खर्च वसूल होण्यासाठी गुणांक किमान ०.३३३ हवा आणि तो अंतरालाच्या आतच आहे. अनेक अहवालांत लहान पी-मूल्यापुढे तारे छापतात; तसे तीन तारे मिळवणारा, अत्यंत सार्थ ठरलेला हा चल, पण 'जाहिरात वाढवा' हा निर्णय त्याने अजून सिद्ध केलेला नाही.

हे चाचणीच्या भाषेतही मांडता येते. शून्य परिकल्पनेत शून्याऐवजी ०.३३३ ठेवावे : (०.४८ − ०.३३३)/०.१२ = १.२२. 'गुणांक ०.३३३ पेक्षा जास्त आहे' असा एकाच दिशेचा दावा असल्यामुळे येथे एकपुच्छ चाचणी योग्य आहे आणि तिचे ५ टक्के पातळीवरचे सीमामूल्य १.६८४ आहे. १.२२ त्याच्या खाली राहते. संगणकाचा तक्ता शून्याशीच तुलना करून देतो, कारण त्याला तुमचा खर्च ठाऊक नसतो. ही दुसरी तुलना वाचणाऱ्यानेच हाताने करायची असते. तरीही सर्वोत्तम अंदाज फायद्याच्या बाजूला आहे, म्हणून काही निवडक केंद्रांवर खर्च वाढवून पाहणे शहाणपणाचे ठरेल. सरसकट वाढवणे किंवा विषय बंद करणे, या दोन्ही टोकांना या आकड्यांचा आधार नाही.

आता 'असार्थ' ठरलेल्या कर्मचाऱ्यांकडे त्याच नजरेने पाहू. अंतराल −०.१७ ते २.८७ आहे : एका जादा कर्मचाऱ्यामागे विक्री १७० नगांनी घटण्यापासून २,८७० नगांनी वाढण्यापर्यंत सारे शक्य. या अंतरालात शून्य आहे हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग शून्याच्या वर आहे आणि त्यात फार मोठे लाभही आहेत. 'कर्मचाऱ्यांचा विक्रीवर परिणाम होत नाही' हा निष्कर्ष येथे निराधार आहे. योग्य वाक्य असे की परिणाम किती, हे या आकड्यांवरून पुरेसे नेमके सांगता येत नाही. शून्याभोवती अरुंद अंतराल आणि शून्याला जेमतेम स्पर्श करणारा रुंद अंतराल या दोन्हींचे पी-मूल्य ०.०५ पेक्षा मोठेच असते, पण पहिला 'परिणाम नगण्य आहे' असे सांगतो आणि दुसरा 'अधिक आकडे आणा' असे. निरीक्षणे चौपट केली की प्रमाण त्रुटी साधारण निम्मी होते. तेव्हा गुणांक १.३५ च राहिला तर टी-मूल्य ३.६ होईल. उलट लाखो व्यवहारांच्या माहितीसाठ्यात प्रमाण त्रुटी इतकी लहान होते की कवडीमोल परिणामही सार्थ दिसू लागतात.

सहावी पायरी : असार्थ चल काढून टाकण्यापूर्वी

कर्मचारी आणि ऑनलाइन सोय हे दोन्ही चल एकेकटे असार्थ आहेत, म्हणून दोन्ही एकदम काढले तर काय होते? जाहिरात आणि स्पर्धक एवढेच चल ठेवून पुन्हा रिग्रेशन केल्यावर अवशेषांची वर्गबेरीज १५०० वरून १७७० वर गेली, असे धरू. दोन चल मिळून किती भार उचलत होते, हे आंशिक एफ चाचणीने तपासतात : (१७७० − १५००)/२ = १३५, आणि १३५ भागिले ३७.५ = ३.६०. २ आणि ४० स्वातंत्र्य मात्रांसाठी सीमामूल्य ३.२३ असून पी-मूल्य ०.०३७ येते. म्हणजे एकेकटे असार्थ असलेले हे दोन चल एकत्रितपणे सार्थ आहेत.

यात विरोधाभास नाही. ज्या केंद्रांत ऑनलाइन सोय आहे, तिथेच बहुधा कर्मचारीही जास्त आहेत, त्यामुळे श्रेय दोघांपैकी कोणाचे हे मॉडेलला नीट ठरवता येत नाही. पण दोघांपैकी कोणाचे तरी आहे, हे मात्र दिसते. स्वतंत्र चलांच्या या आपसांतील गुंतागुंतीला बहुसंरेखता म्हणतात आणि ती व्हीआयएफ (व्हेरिअन्स इन्फ्लेशन फॅक्टर) या मापाने मोजतात. एखाद्या चलावर उरलेल्या स्वतंत्र चलांचे रिग्रेशन करून जो आर-वर्ग मिळतो, तो १ मधून वजा करायचा आणि त्या वजाबाकीने १ ला भागायचे. कर्मचाऱ्यांचा व्हीआयएफ २ असेल, तर गुंतागुंत नसती त्या मानाने प्रमाण त्रुटी √२ म्हणजे १.४१ पट फुगली आहे, ०.७५ ऐवजी ती सुमारे ०.५३ असती आणि टी-मूल्य २.५५ झाले असते. व्हीआयएफ ५ किंवा १० च्या वर गेल्यास चिंता करावी, असे ठोकताळे प्रचलित आहेत, पण ते ठोकताळेच आहेत. बहुसंरेखतेमुळे गुणांक एका बाजूला झुकत नाहीत, केवळ अनिश्चित होतात. आणि हेतू फक्त अंदाज बांधण्याचा असेल तर ती फारशी आडवीही येत नाही.

म्हणून चल वगळायचे असतील तर एका वेळी एक वगळावा, दर वेळी बाकीचे गुणांक किती हलतात ते पाहावे आणि ज्या चलामागे व्यवसायातले ठोस कारण आहे, तो केवळ पी-मूल्यापायी काढू नये. याची उलट बाजूही तितकीच घातक आहे. वीस निरर्थक, परस्परांशी असंबद्ध चल ५ टक्के पातळीवर तपासले, तर त्यांतला निदान एक योगायोगाने सार्थ निघण्याची संभाव्यता १ − ०.९५²⁰, म्हणजे सुमारे ६४ टक्के आहे. पन्नास चल चाळून उरलेल्या चारांचा सुबक तक्ता सादर केला, तर त्या तक्त्यातली पी-मूल्ये आपला मूळ अर्थ गमावून बसलेली असतात. चलांची निवड आकडे पाहण्यापूर्वी केली की नंतर, हे अहवालात प्रामाणिकपणे लिहावे.

सातवी पायरी : अवशेषांचे आलेख

आतापर्यंतच्या साऱ्या चाचण्या काही गृहीतकांवर उभ्या आहेत आणि ती गृहीतके तक्त्यात दिसत नाहीत. ती आलेखात दिसतात. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच दाखवले होते, ज्यांची रिग्रेशन रेषा आणि आर-वर्ग जवळजवळ तंतोतंत सारखे, पण आलेख काढले तर एक साधा, एक वक्र आणि उरलेले दोन एकेका बहकलेल्या बिंदूने ओढलेले. म्हणून अंदाजित विक्री आडव्या अक्षावर आणि अवशेष उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावाच.

बिंदू कमानीसारखे दिसले तर संबंध सरळ रेषेचा नाही; जाहिरातीच्या बाबतीत हे अगदी संभवते, कारण खर्च वाढत जातो तसा प्रत्येक पुढच्या हजाराचा परिणाम बहुधा घटत जातो. बिंदू उजवीकडे पंख्यासारखे पसरत गेले तर मोठ्या केंद्रांतला विचलनाचा आवाका मोठा आहे. अशा वेळी गुणांक एका बाजूला झुकत नाहीत, पण प्रमाण त्रुटी चुकीच्या ठरतात आणि त्यांच्यासोबत टी, पी आणि अंतराल सारेच. ब्रॉइश-पेगन चाचणीने याची तपासणी होते आणि हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या दृढ प्रमाण त्रुटी वापरून दुरुस्ती करता येते.

आकडे एकाच केंद्राचे महिन्यामागून महिने घेतलेले असतील तर सलग अवशेष एकमेकांशी निगडित आहेत का, हे डर्बिन-वॉटसन मूल्यावरून पाहतात. ते ० ते ४ यांच्या दरम्यान असते. २ च्या आसपास असेल तर ठीक, २ पेक्षा बरेच खाली गेले तर प्रमाण त्रुटी बहुधा खऱ्यापेक्षा लहान दिसत आहेत आणि सार्थकता फुगलेली आहे. आपल्या उदाहरणात निरीक्षणे एकाच महिन्यातली आणि केंद्रांची यादी कोणत्याही क्रमाने लावलेली असल्याने या मूल्याला अर्थ नाही, तरी काही सॉफ्टवेअर ते छापतेच. एखादे केंद्र एकट्याने गुणांक ओढत आहे का, हे कुक अंतरावरून कळते. असे केंद्र सापडले तर ते गुपचूप वगळू नये, त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय अशी दोन्ही उत्तरे दाखवावीत.

आठवी पायरी : कारण, अंदाज आणि अहवालाची भाषा

कर्मचारी वाढवले म्हणून विक्री वाढली, की विक्री चांगली म्हणून तिथे कर्मचारी जास्त नेमले? कोणतेही पी-मूल्य, कितीही लहान असले तरी, याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी प्रयोग, किंवा बदल आधी आणि परिणाम नंतर अशी मांडणी लागते. तोपर्यंत अहवालात 'वाढवते' या क्रियापदापेक्षा 'जास्त आढळते' हे सुरक्षित आहे.

अंदाज बांधायचा असेल तर समीकरणात आकडे घालावेत. जाहिरात ६०, कर्मचारी ९, स्पर्धक २ आणि ऑनलाइन सोय असलेल्या केंद्रासाठी २१.४० + २८.८० + १२.१५ − ४.२० + ३.२० = ६१.३५ हजार नग. पण एकाच केंद्राच्या अंदाजाभोवतीचा ९५ टक्के अंतराल निदान ± १२.४ हजार इतका रुंद असतो, कारण त्यात गुणांकांच्या अनिश्चिततेपूर्वीच २.०२१ × ६.१२ एवढा विचलनाचा भाग येतो. अशा सर्व केंद्रांच्या सरासरीचा अंतराल यापेक्षा बराच अरुंद असतो. सॉफ्टवेअर दोन्ही देते आणि दोन्हींची अदलाबदल झाली तर साठ्याचे नियोजन कोसळते. जाहिरात खर्च १५० धरून अंदाज काढण्याचा मोह टाळावा, कारण आपली निरीक्षणे ७५ च्या पुढे गेलेलीच नाहीत.

अहवालातला मुख्य परिच्छेद मग साधारण असा लिहिता येईल : "४५ केंद्रांच्या एका महिन्याच्या आकड्यांवरून विक्रीतील चढउताराच्या ७० टक्के भागाचे स्पष्टीकरण चार चलांनी मिळते (समायोजित आर-वर्ग ०.६७, एफ = २३.३३) आणि अंदाजातील नेहमीची चूक सुमारे ६,१०० नगांची आहे. इतर बाबी समान असताना जाहिरातीवरील प्रत्येक जादा हजारामागे विक्री ४८० नगांनी जास्त आढळते (९५ टक्के अंतराल २४० ते ७२०). खर्च वसूल होण्यासाठी सुमारे ३३३ नग आवश्यक असल्याने वाढीव जाहिरात फायद्याची ठरण्याकडे कल आहे, परंतु खात्री नाही. प्रत्येक जादा स्पर्धकामागे विक्री २,१०० नगांनी कमी आढळते (४०० ते ३,८००). कर्मचारी आणि ऑनलाइन सोय यांचा एकत्रित संबंध सार्थ आहे (एफ = ३.६०, पी = ०.०३७), मात्र दोघांचे स्वतंत्र योगदान या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही." या परिच्छेदाला अवशेषांचा आलेख, प्रत्येक चलाची व्याप्ती आणि वगळलेल्या चलांची यादी जोडावी, ताऱ्यांची चिन्हे ठेवायचीच असतील तर ती परिशिष्टातल्या तक्त्यात ठेवावीत.